दोघी जाणार असतील तर

बाई, तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस मी एक-दोघींना सांगितला आहे, पण पूर्ण कुणालाच नाही. तुम्ही जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, म्हणून तुम्हालाच सांगते.

नव्वदीची सुरुवात, आमचं सातवीचं वर्ष. आपली मराठी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे हायस्कूल म्हणजे कन्नड माध्यम, आणि तेही दुर्गदबैलच्या बाजाराची सगळी गर्दी ओलांडून पलीकडे. बाजारात आम्ही कन्नड फडाफडा बोलायचो, पण गणित-विज्ञान कन्नडमधून म्हटलं की जीभ अडायची. म्हणून शाळा सुटल्यावर तुम्ही आम्हा दोघी मैत्रिणींना थांबवून घ्यायचात. वहीच्या डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर कन्नड. वही दोघींत एकच. एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. मी तिच्याहून दोन महिन्यांनी मोठी, म्हणून ती मला चिडवायला अक्काबाई म्हणायची. "अक्काबाई, तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात!" तुम्ही हसू दाबून म्हणायचात, "तिथं पहिल्या दिवशी दोघींपैकी कुणी रडलं तर येऊन कान पिळीन."

तिच्या वडिलांनी तुम्हाला सांगितलं होतं, दोघी जाणार असतील तर पाठवतो, एकटीला नाही. मग तुम्ही आमच्याकडे यायचं ठरवलंत. त्या सकाळी मी ज्वारी निवडत बसले आहे. आई शेजारी बसते आणि हळूच म्हणते, "अप्पांच्या मनात नाही. मुलं-मुली एकत्र बसतात तिथं. पण बाईंना त्यांच्या तोंडून नाही कसं म्हणवेल? तूच म्हण, मला शिकायचं नाही."

अप्पा दाजीबानपेठेतलं दुकान काकांवर सोपवून मुद्दाम घरी थांबले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. चहा झाला. तुम्ही विषय काढलात. "हिलाच विचारा की, बाई," अप्पा म्हणाले. "हिची इच्छा असेल तर मी कशाला आडवा येऊ?" पुढे तुम्ही, मागे स्वयंपाकघराच्या दारात आई. मी म्हणाले, "मला नाही शिकायचं." तुम्ही कप खाली ठेवलात. "माझ्याकडे बघून सांग." मी बघितलं आणि तेच पुन्हा म्हणाले. चपला घालताना तुम्ही एवढंच बोललात, "निदान तिचा तरी विचार करायचास."

तिचीही शाळा थांबली. महिनाभर ती बोलली नाही, मग बोलली. शेजारशेजारच्या गच्च्यांवर पापड वाळवत आम्ही मोठ्या झालो, लग्नंही गावातच झाली. त्या वहीवरून मी चोरून दुकानांच्या पाट्या वाचायला शिकले, मग कन्नड पेपर. हे होते तोवर मला वाचनालयातून मराठी पुस्तकं आणून द्यायचे. बदलायला निघाले की "हे तरी संपवलंस का?" असं विचारायचे. आता माझी मीच जाते, आणि घरी आल्यावर ते कुणी विचारत नाही. ती दर गुरुवारी येते. उशाशी पुस्तक दिसलं की म्हणते, "तुला तर शाळेचा कंटाळा होता की ग, अक्काबाई! आता कसला सोस?" मी हसते. आईनं काय सांगितलं होतं, तेही मी तिला कधी सांगितलेलं नाही. ते सांगितलं की पुढचंही सांगावं लागेल.

पुढचं असं, की तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत तेव्हा आई दारात नव्हती. दूध उतू जातंय म्हणून आत धावली होती. अप्पा फरशीकडे बघत होते. मी हो म्हटलं असतं तर अप्पांनी शब्द फिरवला नसता, एवढं मला बाराव्या वर्षीही कळत होतं. पण मला त्या शाळेची भीती वाटत होती, बाई. पहिल्या दिवशी मीच रडले असते. आईनं सांगितलेलं वाक्य तोंडात तयार होतं, मी त्याच्या आड लपले. आणि तिला बाहेर सोडून दिलं.

हे पत्र तुमच्या नावाचं असलं तरी वाचायला हवं तिनं. उद्या गुरुवारच आहे. तरी मी ते त्या वहीत घालून कपाटात साड्यांच्या खाली ठेवणार आहे. तुम्ही आलात त्या दिवशी वही माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी ती तिच्याकडे जायची होती. मी ती अजून दिलेली नाही.