मनगटावरचे वळ

शिवाजीनगर, बंगळूर
मंगळवार, २३ नोव्हेंबर १९९३

चि. सुचेतास अक्काचे आशीर्वाद.

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. "ह्यांच्या दोन्ही मनगटांवर वळ कसले होते?" एवढी एकच ओळ, खाली सहीसुद्धा नाही. त्या ओळीसाठी हे पत्र. त्या सकाळी तू विचारलंस तेव्हा सलाईनच्या पट्टीचे, असं मी सांगितलं होतं. सलाईन एकाच हाताला होतं. बेळगावला पोहोचल्यावर तुझ्या ते लक्षात येणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

इकडे सासूबाई आहेत तशाच आहेत. बाहेर भटकू नयेत म्हणून रात्री ड्यूटीवर निघताना मी त्यांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावते, दुसरी किल्ली शेजारी असते. तू चार रात्री त्यांच्याजवळ झोपलीस त्याची त्यांना आठवण आहे. परवा म्हणाल्या, "ती दुसरी बरी होती. कुलूप लावत नव्हती."

तुला रात्री वॉर्डात कधी येऊ दिलं नाही, म्हणून तिथली पद्धत सांगते. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, अठ्ठावीस खाटा, एक नर्स आणि हाताखाली मी. शौचाची भांडी देणं, कूस बदलणं, चादरी, नळ्यांवर लक्ष. सगळे मला आयम्मा म्हणतात. एकसष्ट साली धारवाडहून बी. ए. झाले याच्याशी तिथे कोणाला काही देणंघेणं नाही. वासुदेवराव तेवढे म्हणायचे, "अक्का, तुम्ही हेडमास्तरीण व्हायच्या. इथेही शाळाच भरवलीत." मी त्यांना गप्प पडून राहायला सांगायची.

ऑपरेशनसाठी त्यांना इथे आणायचं तूच ठरवलंस, मी त्या वॉर्डात आहे म्हणून. "तू असल्यावर मी निर्धास्त," म्हणालीस. तू माझ्या घरी माझ्या सासूजवळ आणि मी तिथे तुझ्या नवऱ्याजवळ, अशी आपण वाटणी केली.

दुसऱ्या रात्री त्यांना तापात भ्रम झाला. तीस वर्षं पोस्टात पत्रं लावली त्यांनी. बोटं चादरीवर तेच काम करत होती. "हुबळी, गदग, हुबळी," असं पुटपुटत एकेक पत्र खणात टाकत होते. तसंच करता करता लघवीची नळी हाताला लागली आणि ती ओढली. बरंच रक्त गेलं. काव्या नावाची नर्स होती, तिने हात बांधायला सांगितले. गॉजच्या पट्टीने मनगट खाटेच्या दांडीला बांधायचं, गाठ अशी की आत दोन बोटं जावीत. मी बांधले, सकाळी सोडले. दवाखान्याची हीच रीत आहे आणि तिची मला लाज वाटत नाही.

रविवारी लिहिलेलं पत्र इथेच संपलं होतं. पाकीटही चिकटवलं होतं. आज ते फोडून, वरची तारीख बदलून पुढचं लिहीत आहे.

चौथ्या रात्री त्यांना ताप नव्हता. ते पूर्ण शुद्धीवर होते. बांधायला कोणी सांगितलं नव्हतं. साडेअकराला बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यातून यंत्रात हात सापडलेले दोन कामगार आले. काव्या आणि मी त्यांच्याकडेच अडकणार हे दिसत होतं. मधेच यांना पुन्हा भ्रम झाला तर बघणार कोण, म्हणून मी पट्टी घेऊन गेले. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. दोन्ही हात स्वतःच पुढे केले आणि म्हणाले, "घ्या अक्का, रजिस्टर्ड पार्सल."

अडीचच्या सुमाराला खाटेजवळून जात होते. हाक आली. "अक्का, सोडा. छातीवर दडपल्यासारखं होतंय. उठून बसतो."

मी इथल्या कानडी सवयीने "सरी, आले," म्हटलं आणि पुढे गेले. सासूबाई दार उघड म्हणतात तेव्हा ज्या आवाजात म्हणते, त्याच आवाजात. सुटायला प्रत्येकाकडे कारण असतं, तसंच हेही, असं वाटलं. खरं तर तेवढंही वाटलं नाही. मी ऐकलंच नाही.

परत गेले तेव्हा पावणेपाच झाले होते. ते गेलेले होते, हात गार पडले होते. गाठी आवळल्या होत्या, म्हणजे त्यांनी ओढून पाहिलं होतं. काव्याला हाक मारण्याआधी मी पट्ट्या काढल्या आणि मनगटं चोळली. वळ काही गेले नाहीत. मग हाक मारली. तिने "झोपेत निधन" लिहिलं. तो खोटेपणा तिचा नाही, माझा आहे.

सोडलं असतं तरी वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मी घेतलेलं नाही, तूही घेऊ नकोस. बसून तरी गेले असते.

काल सकाळी ड्यूटी संपल्यावर हे सगळं मेट्रनबाईंना लेखी दिलं. काढून टाकतील, चौकशी होईल, या तयारीने गेले होते. त्यांनी उभ्यानेच वाचलं. म्हणाल्या, "सोयराबाई, इथे कोण बांधत नाही? तुम्ही गेलात तर रात्री अठ्ठावीस खाटा कोण बघणार?" कागदाची घडी करून खणात टाकली. वेळेवर यायला सांगितलं, आणि स्टोअरमधून पट्टीचा नवा रोल न्यायलाही.

मी गेले. घरमालक सासूबाईंसकट बाहेर काढायला टपलेला आहे, आणि त्रेपन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण ठेवणार? रात्री नऊ नंबरच्या माणसाने नळी ओढली. त्याला बांधलं. त्याने सोडा म्हटलं, सोडलं. त्याने पुन्हा ओढली. पुन्हा बांधलं. तेवढ्यात सतरा नंबरला उलटी झाली. तू इथे असतीस तर काय केलं असतंस, हे मी विचारत नाही.

क्षमाही मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही याचा विचार तुला करावा लागेल. तुझ्यावर आणखी काम टाकायचं नाही.

त्या सकाळी वॉर्डाच्या वहीत तुझी सही घेऊन दिलेल्या वस्तू: चष्मा, वरची कवळी, मनगटी घड्याळ, धोतर, पंचा, पोस्टाचं जुनं ओळखपत्र.

वहीत न लिहिलेल्या, इतके दिवस माझ्या कोटाच्या खिशात असलेल्या आणि आज या पाकिटातून दिलेल्या: गॉजच्या पट्ट्या, दोन. डाव्या हाताची सुटली. उजव्या हाताची गाठ सुटली नाही, पट्टी कापावी लागली. गाठ तशीच आहे.

देणारी: तुझी अक्का, सोयरा
घेणारी: