आठव्या नटावरची लाल रेघ

दि. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शिवणवर्गातून दमून आली असशील, तर आधी बस आणि मग वाच. नोकरी गेलेली नाही. हे पहिल्याच ओळीत सांगतो, कारण माझं पत्र आलं की तू तेवढंच शोधतेस.

लिफ्टचा ब्रेक दुरुस्त केला की एकेक नट आवळायचा आणि मग त्यावर लाल रेघ ओढायची, अशी आमची पद्धत. रेघ दिसली की पुन्हा कोणी पाना लावून बघत नाही. शनिवारी घाईघाईत मी आठही रेघा आधीच ओढून घेतल्या. घरी येऊन बूट काढले आणि आठवलं, आठवा नट आवळायचाच राहिला.

पहिला विचार नेहमीचाच, कामावरच्या जोडीदारावर ढकलून मोकळं व्हावं. याच खोडीपायी तीन नोकऱ्या गेल्या, तुला ठाऊक आहे. समुपदेशक बाई म्हणतात, बाबांच्या पट्ट्यापुढे खोटं बोललास म्हणून तेव्हा निभावलं. आता मारणारं कोणी नाही, तरी तोंड तेच बोलतं. मी बूट परत चढवले. वॉचमनला फोन करून लिफ्ट बंद करवली, जाऊन नट आवळला आणि तसाच आमच्या मुख्य मिस्त्रींपुढे, उस्तादांपुढे, उभा राहिलो. त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं आणि शेवटी म्हणाले, सोमवारी आठ वाजता कामावर ये.

ताई, मी ताठ मानेने घरी आलो गं.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बारकू

दि. १६ मार्च

चि. बारकूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून शिलाई मशीनवर डोकं टेकून रडले. वर्गातल्या बायका घाबरल्या. त्यांना सांगितलं, माझ्या भावाने एक नट आवळला. त्यांना वाटलं, बाई कामातून गेल्या. आता येईल तिला पत्र वाचून दाखवते. घे, खा भाव.

पण तुझं कौतुक करताना मला माझीच लाज वाटते. लपवालपवी तुला मीच शिकवली. फुटलेला कप कुंडीत पुरणारी मीच होते. आणि बाबांचा रेडिओ मी पाडला होता. मी पळाले, तू सापडलास. मी नाही पाडला, असं तू कळवळून सांगत होतास आणि मी दाराआड गप्प उभी होते. तू सात वर्षांचा, मी अकराची. लोक तुला संशयी म्हणतात, तुझा कोणावर विश्वास नाही म्हणतात, तेव्हा माझ्या जिवाला लागतं. छत्तीस वर्षं गिळून बसले. तू खरं बोललास, म्हणून मला धीर झाला.

हवं तर रागाव, बोलू नकोस, पण कामावर जात राहा. जमलं तर दोन ओळी लिही.
तुझी ताई

दि. २७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. पाना आपटला आणि कोणाला न सांगता चालता झालो, आधी राग आला की व्हायचो तसाच. थांब्यावर दोन बस सोडल्या. तिसरी आली तेव्हा वळलो आणि परत गेलो. उस्तादांना खरं ते सांगितलं, की बहिणीचा राग आला म्हणून निघालो होतो. ते म्हणाले, आलास ना, मग पाना उचल.

राग गेलेला नाही. इतक्यात जाणारही नाही. पण एक गोष्ट तुला माहीत नाही. सगळे इतकी वर्षं म्हणत राहिले, तर मलाही वाटू लागलं होतं की रेडिओ मीच पाडला असेल, आणि मी जन्मापासूनच खोटारडा आहे. ताई, मी खरं बोलत होतो. सात वर्षांचा असताना, मार खाताना, मी खरं बोलत होतो. मंगळवारी समुपदेशक बाईंना हे छाती फुगवून सांगणार आहे. आणि हेही सांगणार, की माझ्या बहिणीने ते स्वतःहून कबूल केलं.

रागावलेला, तरीही तुझाच,
बारकू