डावा इंडिकेटर

९ जानेवारी

शी! या गावाला हात नाहीत, बोटं नाहीत, अंगठा तर मुळीच नाही. इंडिकेटरचं बटण अंगठ्यापासून बोटभर लांब असतं. तेवढं अंतर अमरावतीकरांना काही पार होत नाही!

आज राजापेठला एका बाईने भर रस्त्यात उजवीकडे गाडी घातली. इंडिकेटर नाही, हात नाही, मागे पाहणं नाही. मी कचकन ब्रेक दाबला, मागे बसलेली आमची ही, रुख्मिणी, माझ्या पाठीवर आदळली. बाईंना गाठून विचारलं, इंडिकेटर शोभेला ठेवलाय का? तर म्हणे, "मी तं रोजच इथं वळतो भाऊ. सगळ्यायले मालूम हाय."

सगळ्यायले मालूम हाय!

पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. वळण म्हणजे कोन. कोन काढायच्या आधी पेन्सिल कुठे टेकवायची ते ठरवावं लागतं. माझ्याच हाताखालून गेलेली पोरं असतील ही अर्धी. लाज वाटते.

११ जानेवारी

आज मोजलंच. चौकातल्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलो. शंभर गाड्या वळल्या. इंडिकेटर दिला एकोणीस जणांनी. त्यातले चौघे डावा देऊन उजवीकडे गेले. टपरीवाला म्हणाला, "सर, चहा थंडा झाला." प्यायची इच्छाच राहिली नव्हती.

१२ जानेवारी

वाहतूक सुरक्षेची रॅली. हेल्मेट, फलक, घोषणा. कोपऱ्यावर अख्खी रॅली डावीकडे वळली. एकानेही इंडिकेटर दिला नाही!!

१५ जानेवारी, अकोला

लेकीकडे, गीतांजलीकडे आलो. जावई रोहित कार घेऊन न्यायला आला होता. बडनेऱ्याच्या चौकात सरळ जायचं, तर या पठ्ठ्याने चारही दिवे लुकलुकवले. म्हटलं, हे काय?

"बाबा, डावीकडेही नाही, उजवीकडेही नाही. म्हणून दोन्ही."

ते बंद पडलेल्या गाडीचे दिवे रे बाबा! इंजिनिअर माणूस! मूर्तिजापूरपर्यंत मी तोंड उघडलं नाही. उघडल्यावर अकोल्यापर्यंत मिटलं नाही.

जेवताना गीतांजली म्हणाली, "बाबा, आता तरी गाडीतून उतरा." सगळे हसले. हसा. एक दिवस कोणीतरी मरेल तेव्हा हसा.

२१ जानेवारी

रुख्मिणीचं उजवं मनगट मोडलं. गळ्याजवळचं हाडही. प्लास्टर.

बडनेऱ्याला तिच्या मावसबहिणीकडे हळदीकुंकू होतं. तिला घेऊन परत निघालो. गल्लीतून डावीकडे वळून मोठ्या रस्त्याला लागलो. इंडिकेटर देऊन, हे सांगायला नको. पुढे सरळ. वेग तीस. पुढच्या एका गल्लीच्या तोंडाशी डाव्या हाताला भाजीचा टेम्पो उभा होता. उभा! माझ्याकडे पाहत होता. आणि मी जवळ आलो तसा निघाला की बाहेर!

टेम्पोवाला धम्मदीप. चाळिशीचा असेल. त्यानेच हिला उचलून टेम्पोत बसवलं, दवाखान्यात आणलं. ते ठीक. पण वर म्हणतो काय — "काका, तुमचा डावा इंडिकेटर चालू होता. मले वाटलं तुमी गल्लीत येऊन राहिले."

माझा? माझा इंडिकेटर? चोराच्या उलट्या बोंबा!

२४ जानेवारी

ही फारशी बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, वेळ लागेल.

गॅरेजमध्ये जाऊन आलो. स्कूटरचं हँडल वाकलंय. डावा इंडिकेटर फुटला, बटणाचा तर चुराच. पियुष मेकॅनिकला विचारलं, पडताना बटण कुठल्या बाजूला होतं ते कळतं का? म्हणाला, "आता काई नाई समजत, सर."

मी हे का विचारलं कोण जाणे.

२८ जानेवारी

धम्मदीप घरी आला! पिशवीत वांगी, सांभाराची हिरवीगार जुडी. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"काका, दवाखान्याचं मी पायतो, त्याची गोष्ट नाही. फक्त बयानात खरं लिहा, का इंडिकेटर चालू होता. मी तो पाहूनच गाडी काढली जी. नाही तं माह्यं लायसन जाते. वीस वर्षं झाले गाडी चालवून राहिलो, एक केस नाही माह्यावर."

मला हसूच आलं. म्हटलं, या गावात इंडिकेटर कोणी देत नाही आणि कोणी पाहत नाही. तूच बरा एकटा पाहणारा निघालास!

"मी पायतो, काका," म्हणाला. एवढंच.

पिशवी परत त्याच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. तोंडावर साळसूदपणा कसा आणतात हे लोक! आत आलो तर ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. झोपली नव्हती.

१ फेब्रुवारी

हवालदार हिचा जबाब घ्यायला आला. ही म्हणाली, "मले काई आठोत नाई."

हळदीकुंकवाला कोणती बाई कोणती साडी नेसून आली होती, ते शेजारणीला परवा पदरासकट सांगत होती! आणि हे आठवत नाही? हवालदारासमोर माझीच शोभा. तो गेल्यावर बोललो थोडं जास्तच. ऐकून घेतलं तिने.

३ फेब्रुवारी

जबाबावर सही करून आलो. 'माझ्या स्कूटरचा इंडिकेटर बंद होता व मी सरळ जात होतो.' वाचून घेतलं, मग सही. वळणदार अक्षरात, शालिकराम गावंडे, निवृत्त शिक्षक.

धम्मदीपला बोलावलं होतं. लायसन माझ्यासमोरच ठेवून घेतलं पोलिसांनी. त्याने वाद घातला नाही. बाहेर टेम्पोत भाजी भरलेली होती, ती आता पोहोचवायची कोणी, एवढंच विचारत होता फोनवर कुणाला तरी.

चला, हजारातला एक तरी सापडला. बरं वाटायला हवं होतं. रस्ताभर रिक्षावाल्याने एकदाही इंडिकेटर दिला नाही, आणि मी त्याला काही बोललोही नाही.

४ फेब्रुवारी

सकाळी हिची वेणी घालून देत होतो. पाठमोरी होती. एकदम म्हणाली, "चालू होता."

काय?

"इंडिकेटर. आपुन मोठ्या रस्त्याले लागलो तवापासून. एक पोरगी गाडी बाजूले घेऊन आली, बोटं उघडबंद करून मले दाखोलं तिनं. मी मान हालोली. तुमाले नाई सांगतलं."

का नाही सांगितलं?

"दिवाळीत सांगतलं होतं तं तुमी गाडी थांबोली अन् मले उतरोलं. साईनगरपासून पायी आली मी घरी."

वेणी अर्धीच राहिली. चपला घातल्यात, पोलीस ठाण्यात निघालोय. तिला रस्त्यात उतरवलं होतं, हे खरं आहे. ते मी या वहीत लिहिलंच नाही.