आईच्या बांगडीचं पिवळेपण

अमडापूर,
कोजागिरी होऊन चौथा दिवस

तीर्थरूप गीताताईस,

धाकट्या वामनाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात मनगटापर्यंत पिवळे आहेत. कावीळ नाही, काळजी नसावी. कारण पुढे येतंच.) सोनाळ्याच्या हवेत तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे तुझी भावजय सुचिता बरी आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही. तूही तीन भाऊबीजा झाल्या बोलत नाहीस आणि फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर निदान वाचून फाड.

तुझा राग मला मान्य आहे. आई गेल्यावर तू सोनं मागितलं नाहीस, शेत मागितलं नाहीस. तिच्या हातातली जाड पिवळी प्लास्टिकची बांगडी तेवढी मागितलीस. मी म्हणालो, डब्यात ठेवलीय, येशील तेव्हा ने. तू आलीस तेव्हा तो डबा भांडीवालीच्या टोपल्यातून गावोगाव निघून गेला होता, आणि आमच्याकडे त्याच्या बदल्यात चहाची गाळणी आली होती. (डबा सुचितानं दिला, असं मी तेव्हा सांगितलं. गाळणीही धड नाही, पत्ती खाली उतरते.) तेव्हापासून मी प्रत्येक बाजारात, प्रत्येक भंगारवाल्यापुढे उकिडवा बसतो. गावात आता माझी गणना हळूहळू वेगळ्या माणसांत होऊ लागली आहे.

गेल्या आठवड्यात आपल्याच बाजारात फकीर मोहम्मद भंगारवाल्याकडे बिस्किटाचा एक डबा मिळाला. आत जुन्या बांगड्या, कंगवे, मण्यांच्या माळा. सगळं चिकट आणि काळं. तळाशी हळकुंडासारखी पिवळी, जाड बांगडी! मी ती उचलून मुठीतच धरली. फकीरभाई म्हणाला, "गुर्जी, हे बेकलाइट हाय, पुरान्या जमान्याचं. असा माल आता भेटत नाही." (मी गुरुजी कधीच नव्हतो, शाळेच्या प्रयोगशाळेत बरण्या पुसायचो, पण बाजारात कोण खुलासा करत बसणार?) बेकलाइट म्हणजे पूर्वी विजेची काळी बटणं ज्याची असायची ते. आपल्या योगिनीनं पुण्याहून मोबाईलवर व्हिडिओ पाठवले, त्यात हे ओळखायच्या परीक्षा होत्या. तीस वर्षं दुसऱ्यांचे प्रयोग मांडून दिले, आता एक स्वतःचा करावा म्हटलं. इथून माझं नशीब फिरलं.

आईची बांगडी मी आधी बाजूला ठेवली आणि बाकीच्यांवर हात बसवायला घेतला. परीक्षा अशी की वस्तू गरम पाण्यात बुडवायची आणि वास घ्यायचा. पहिल्या कंगव्याला कापराचा वास आला. म्हणजे सेल्युलॉइड. खात्री करावी म्हणून तापलेली सुई लावली, तर खात्री इतकी झाली की कंगवा भप्पकन पेटला आणि खिडकीचा पडदा बरोबर घेऊन गेला. एका माळेला करपलेल्या दुधाचा वास सुटला. सुचिता दूध उतू गेलं म्हणून धावत आली आणि तिनं मला तिच्या चहाच्या पातेल्यात दागिने शिजवताना पाहिलं. "काय करून राह्यले हो तुमी? डोकं ठिकाणावर हाय ना?" एवढंच ती बोलली, आणि ते शेवटचं. ती माळ खरोखर दुधापासून केलेल्या प्लास्टिकची होती, रात्रभर पाण्यात राहिली आणि सकाळी मणी भिजलेल्या चण्यांसारखे फुगून तडकले. तिसऱ्या बांगडीला नखांचा रंग पुसायचं औषध लावलं, ती बोटांना चिकटली आणि सालासकट निघाली. ताई, या विद्येचं असं आहे की वस्तू कशाची होती हे नक्की कळतं तेव्हा वस्तू उरलेली नसते.

आईच्या बांगडीला म्हणून मी सुई लावली नाही, पाण्यात घातली नाही. अंगठ्यानं फक्त चोळली, गरम झाली, आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या बेडकाच्या बरणीचा, फॉर्मेलिनचा वास आला; व्हिडिओत हाच सांगितला होता. अस्सल बेकलाइट! (आईच्या हाताला हा वास कधी आला नव्हता. तिच्या हाताला फोडणीचा यायचा.) मला रडू आलं, लपवत नाही. वाटलं, भाऊबीजेला तुझ्या हातात घालावी, आणि घालायची तर लख्ख करून घालावी. व्हिडिओत सांगितलं होतं की पितळेचं पॉलिश फडक्यावर घेऊन चोळा, फडकं पिवळं झालं तर माल खरा. फडकं पिवळं झालं. मला इतका आनंद झाला की मी आणखी चोळलं, ते आणि माझे हात आणखी पिवळे झाले. दोन दिवस मी खरेपणाचे पुरावे गोळा करत बसलो. परवा दुपारी धुऊन उजेडात धरली तर हातात पांढरी बांगडी. खरवसासारखी पांढरी, तुकतुकीत, कोणा परक्या बाईची.

योगिनीला विचारलं तर ती म्हणाली की हे प्लास्टिक जुनं होता होता वरून पिवळं पडतं, आतला मूळ रंग वेगळा असतो. "बाबा, तुम्ही आजीची साठ वर्षं पुसून काढलीत." बांगडी घेऊन फकीरभाईकडे पळालो, तर तो म्हणतो, "म्या तुमाले पिवळी देल्ली होती गुर्जी, हे पांढरी कोनाची उचलून आनली?" आता ती आईची आहे असं या जगात कोणी म्हणणार नाही. पिवळी फडकी तेवढी माझ्याकडे आहेत. ती काही तुझ्या हातात घालता येत नाहीत.

भाऊजींना नमस्कार सांग. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
वामन

ता. क. डबा सुचितानं दिला नव्हता, मी दिला होता. तिच्यावर राग धरू नकोस. ती तुझ्यासाठी पुरणपोळी करायला अजून तयार आहे.

ता. क. खरं विचारायचं ते राहिलंच. बाबांनी ती बांगडी आणली तेव्हा मी जन्मलो नव्हतो, तू चार-पाच वर्षांची असशील. तेव्हा ती पांढरी होती का गं? हे सांगू शकेल असं आता तुझ्याशिवाय कोणी राहिलं नाही.

ता. क. रात्री झोप नाही, म्हणून हेही लिहून टाकतो. बांगडीच्या कडेला आडवा, काळपट ओरखडा होता. मी तो मळ समजून ब्रशनं घासला, गुळगुळीत केला, वर फुशारकीही मारली. काल आठवलं. बाबा गेले त्या दिवशी बायकांनी आईच्या काचेच्या बांगड्या फोडल्या, ही फुटेना म्हणून एकीनं दगड मारला, कडेला ओरखडा उठला, आणि तू मधे हात घालून म्हणालीस, हे राहू द्या, हे तिची हाय. मी दहावीत होतो, दाराआडून बघत होतो. भाऊबीजेला ये, ताई. बांगडीच्या कडेवरून नख फिरवून बघ. ओरखडा थोडाही उरला असेल तर तुझ्या नखाला लागेल. मला भीतीनं हातच लावता येत नाही.