दादाचा डावा हात

गारखेडा, मंगळवार, संध्याकाळ

उद्या सकाळच्या एसटीनं दादाच्या नावेसाठी केलेला दिवा घेऊन पैठणला जायचंय, आणि दिवा चुकलाय. दादाला अजून सांगितलेलं नाही.

नावेच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. धुक्यात समोरच्या नावेला कळावं, ही कुठं चाललीय. एवढं साधं! दादानं नावेच्या पुढच्या टोकाच्या मापाचा पुठ्ठा पाठवला होता, त्यावर 'डावा हात' अशी खूण करून. मी तिकडं लाल बसवला. आज त्यानं वल्हवतानाचा व्हिडिओ पाठवला आणि मी कपाळावर हात मारला. तो टोकाकडं पाठ करून बसतो. त्याचा डावा हात म्हणजे नावेची उजवी बाजू. लहानपणापासून त्याच्यासमोर बसून धरणात गेले मी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, आणि हे सुचू नये?

आता खोलताही येत नाही. पाणी शिरू नये म्हणून आत रेझिन ओतलंय, दगड झालाय त्याचा. उलटा लावावा तर सोलरची पट्टी खाली जाते.

मघाशी त्याचा फोन. "माझ्या बहिणीनं केलाय म्हून समद्यांना सांगितलंय. नारळ बी आणलाय."

मी नुसतं "व्हय" म्हणाले. का म्हणाले? गेल्या हिवाळ्यात धुक्यात दुसरी नाव धडकली, तेव्हा त्याचा तोच डावा हात मोडला होता.

अंधार पडला तसा टेबलावरचा दिवा आपोआप लुकलुकायला लागलाय. लाल, हिरवा, लाल. बॅटरी वाचावी म्हणून अंधारातच लागेल असा केला. बंद करायला बटणच ठेवलं नाही मी.