वीतभर आखूड

प्रिय टिल्ल्या,

तुझं पत्र येऊन आज सहा दिवस झाले. त्यात तू एकच गोष्ट विचारलीस, की बाबा, स्नूकरचा डाव फोडायचा पहिला फटका, ब्रेक, सुधारायचा कसा. घरी दहातले नऊ बसायचे, इथे एकही बसत नाही, पांढरा चेंडू परत येताना टेबलाच्या आपल्याकडच्या कडेच्या, कुशनच्या, वीतभर आधीच मरतो आणि समोरच्याला लाल मोकळा दिसतो. वीस तारखेला निवडीचा सामना आहे, तो हरलास तर अकादमीतली जागा जाईल, म्हणून लगेच लिहा, असं म्हणून खाली तीन रेघा ओढल्यास. आणि मी सहा दिवस लावले. पाच कागद चुरगाळून टाकले, हा सहावा.

आधी फटक्याचं बोलू. पांढरा तपकिरी आणि पिवळ्याच्या मधे ठेवायचा, पिवळ्यापासून बोटभर सोडून. त्याला उजव्या अंगाला मारून साइडची फिरकी द्यायची आणि लालांच्या त्रिकोणातल्या उजव्या टोकाच्या लालला नुसतं चाटून जाऊ द्यायचं. पुढचं सगळं तो आपलं आपण करतो. वरच्या कुशनला टेकतो, उजवीकडून तिरका निघतो, पलीकडच्या कुशनवरून वळतो आणि हिरव्याच्या मागे येऊन शहाण्या बाळासारखा गप्प बसतो. हे तुला झोपेतही येतं. मी तुला ते मंदाक्रांता वृत्तात शिकवलं होतं. आमच्या मराठीच्या बाई बाकावर पट्टी आपटून ठेका धरायच्या आणि म्हणायच्या, मेल्यांनो, यती आला की थांबा, न थांबता म्हटलीत तर कविता धापा टाकते. पहिली चार जड अक्षरं, तेव्हा क्यूची काठी सावकाश मागे. मग यती. मग पाच हलकी अक्षरं, की क्यू सुटला. तू रॉकेलच्या डब्यावर उभा राहून ओठांत गा-गा-गा-गा पुटपुटायचास, आणि रोज खेळ बघायला येणारे शेजारचे सलूनवाले काका म्हणायचे, हे पोरगं खेळतंय की समोरच्यावर मंत्र टाकतंय? शाळेतल्या कविता मला अजून पाठ आहेत. माणसांची नावं विसरतो, पण नदीच्या कवितेतलं एकही कडवं चुकत नाही. सकाळी आपला क्लब उघडायच्या आधी एकटाच टेबलावरचं कापड ब्रश करताना म्हणतो. ऐकायला दोन टेबलं असतात, तीही दगडी पाटीची.

इकडची खबर म्हणजे, खिडकीकडच्या टेबलाचं कापड बदललं. जुनं काढलं तेव्हा खिशांच्या जाळ्याही उतरवल्या. त्यातल्या दोन अजून तुझ्या आईच्या हातच्या होत्या, त्या ठेवून दिल्यात. ती त्या खिडकीशीच बसून विणायची, शेवटची गाठ मारून दोरा दाताने तोडायची. एकदा सामना रंगात आला असताना लाल खिशात गेला तो थेट जमिनीवर. जाळीची गाठ सुटली होती. सलूनवाले काका म्हणाले, वहिनी, नवऱ्याचा खिसा फाटका होता तो होता, आता टेबलाचाही का? ती सगळ्यांत जास्त हसली. पुढच्या महिन्यात आणखी दोन गाठी सुटल्या. तिने जाड दोरा घेतला. मग आणखी जाड. मी म्हटलं, चष्मा बदल. बदलला. दोन वर्षं आम्ही दोरे आणि चष्मे बदलत राहिलो. तिच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधे खळगा पडत चालला होता, मी तो रोज बघत होतो, आणि कष्टाचे हात असेच व्हायचे असं स्वतःला सांगत होतो.

नसांच्या डॉक्टरांनी तिचा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. म्हणाले, हे बरं होत नाही, पण दोन वर्षं आधी आणलं असतं तर हात बराच काळ टिकवता आला असता. हे घराण्यातून उतरतं, तेही म्हणाले. तू बाहेर बाकावर पाय हलवत बसला होतास, नऊ वर्षांचा. ते वाक्य मी तुझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. त्यानंतरची सहा वर्षं तुला सांगायला नकोत. शेवटी शेवटी तिला घास तूच भरवायचास, माझ्या हातून ती खायची नाही, म्हणायची, तुम्ही भरवताना रडता.

तुझ्या पत्रात समासात एक ओळ आहे. क्यू मुठीतून निसटतो म्हणून त्याला टेप गुंडाळली, आता जाड झाला, बरं वाटतं. ती ओळ वाचली आणि मी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. पुढे वाचायला संध्याकाळ लागली.

टिल्ल्या, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तू सकाळी मागच्या टेबलावर सराव करत होतास आणि पांढरा आखूड पडायला लागला. रोज थोडा जास्त. मी म्हटलं, जोर लाव. तू जोर लावलास तर लाल सगळे फुटून विखुरले. तू क्यू ठेवलास आणि खुर्चीत बसून खडूचा चुरा पँटवरून झटकत राहिलास, बराच वेळ, झटकण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. मला ते बघवलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पाणसळ लावून टेबलं सपाट करतो, तुला ठाऊक आहे. त्या महिन्यात मागचं टेबल सपाट केलं, आणि मग काळ्याकडच्या, लांबच्या टोकाच्या दोन्ही पायांखाली खेळायच्या पत्त्यांतला एकेक पत्ता सरकवला. दुसऱ्या दिवशी पांढरा कुशनला जाऊन टेकला. तू तिकडून ओरडलास, बाबा, आला बघा! तुझा तो आवाज ऐकायला मी आणखी पत्ते घातले. तू जेवढा आखूड पडायचास तेवढं टेबल मी तुझ्याकडे कलतं करायचो. तू जाईपर्यंत प्रत्येक पायाखाली सात झाले होते. सलूनवाल्या काकांना संशय आला होता. म्हणाले, तुमचं हे टेबल म्हणजे नवी सासुरवाशीण आहे, कुठूनही मारा, माहेराकडेच पळतं. मी त्यांना गप्प बसवलं. लांबचे लाल तुला जमेनात, तेव्हा तू कापडाला दोष दिलास, मी मान डोलावली. अकादमीचे सर निवडीला आले आणि तू त्या टेबलावर नऊ ब्रेक बसवून दाखवलेस. पेढीवर बसलेला चोर जसा हसतो तसा मी त्यांच्याशी हसलो.

मला माहीत नव्हतं असं म्हणून सुटता आलं असतं. पण पहिला पत्ता सरकवतानाच मला माहीत होतं. टेबलाखाली गुडघे टेकून बसलो होतो आणि तुझ्या आईच्या सुटलेल्या गाठी मोजत होतो.

म्हणून हे पत्र. तुझ्या फटक्यात सुधारण्यासारखं काही नाही, तो जसा शिकवला तसाच आहे. हात थकतोय. आईची दोन वर्षं आम्हाला कळलं नाही म्हणून गेली, तुझी मला कळत असून मी घालवली. फोनवर सांगणार होतो, तीनदा लावला, तिन्ही वेळा जेवलास का विचारून ठेवला. आता वीस तारखेचं मनातून काढ, किंवा खेळायचं असेल तर खेळ, ते तुझं तू ठरव. पण त्याआधी तिथल्या मोठ्या दवाखान्यात नसांच्या डॉक्टरांची वेळ घे आणि त्यांना आईचं सगळं सांग, तुझ्या अंगठ्याजवळ तसाच खळगा पडतोय का ते दाखव. माझ्यासाठी थांबू नकोस, एक दिवससुद्धा. मी गुरुवारी सकाळच्या गाडीने निघतोय. पत्र माझ्याआधी पोचेल. तोवर तू मला काय बोलायचं ते ठरवलं असशील. दार उघडलं नाहीस तर मी जिन्यात बसेन, पण डॉक्टरांकडे मात्र गेलेला अस.

तुझाच, तू मानशील तोवर,
बाबा