शाळेच्या तुळया

मुलुंड, रविवार

प्रिय आत्या,

तू जिथे शिकवलंस ती राणीच्या काळातली शाळा पाडायचं काल ठरलं. इमारतीची तपासणी मीच केली होती. काळ्या दगडाच्या भिंती, कमानीच्या उंच खिडक्या अजून भक्कम आहेत. छताच्या तुळया मात्र वाळवीने पोखरल्यात. मी दोन्ही लिहिलं, दुरुस्तीही सुचवली.

"मॅडम, छप्पर पडणार ना? मग भिंतींचं कौतुक कशाला?" संस्थेचे अध्यक्ष हसले.

खाली मुलं बसतात. तुळयांबद्दल गप्प कशी राहणार होते? तरी वाटतं, मीच पाडली का गं?

सकाळी फोन चालू असतानाच तू शेजारणीला सांगत होतीस, "शाळेला काही होत नाही. आमची शाल्मली आहे ना तिथे!"

मी तुझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

तुझी,
शाल्मली